कोपऱ्यातला आकडा

गेलन बुसबूमने चाळीस वर्षं लोकांची विमानं दुरुस्त केली आणि एकाही विमानाची त्याला कधी भीती वाटली नाही. पोरगी एकटी उडायला लागली तेव्हा मात्र त्याच्या पोटात जो गोळा आला तो काही केल्या जाईना. तिला उडायला शिकवलं होतं त्यानेच, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

रोंडा त्याची आणि ऑर्डिसची एकुलती एक. सदतीस वर्षांची, गुरांची डॉक्टर. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये एक रँच दुसरीपासून साठ-साठ मैलांवर असते. ट्रकने निघालं तर डॉक्टर पोचेपर्यंत गाय संपलेली असते. म्हणून रोंडा उडत जायची. कुरणातली गुरं हाकून मोकळ्या केलेल्या पट्टीवर उतरायची, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि पुढच्या रँचला. विमान चार सीटांचं, एका इंजिनाचं, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं. त्याचा नटन् नट गेलनच्या हाताखालून गेलेला.

पावसाबाबत तिचा एकच नियम होता. पलीकडची टेकडी दिसत नसेल तर निघायचं नाही. असेल तिथे मुक्काम. मग रँचवाले चेष्टा करायचे, "ढग आले रे, डॉक्टरीणबाईंची गादी घाला!" रोंडाही हसून म्हणायची, "गादी नको, नुसतं गवत घाला, घोड्याशेजारी झोपते." आणि झोपायचीही. ऑर्डिसला घरी फोन यायचा, "मॉम, आज नाही येत," आणि ऑर्डिस एक ताट उचलून ठेवायची.

दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा पंखांच्या पुढच्या कडेला ओळीने पोचे पडले होते. माथ्यावरच्या ढगातून अचानक गारा पडल्या, म्हणाली. वर साधा पांढरा ढग होता, त्यात काही असेल असं वाटलंच नाही. रोंडाने हे जेवता जेवता सांगितलं आणि आणखी बटाटे वाढून घेतले. गेलन मात्र दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये, विमानाच्या शेडमध्ये, एकेका पोच्यावरून अंगठा फिरवत बसला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने ठरवलं की पोरीच्या विमानात हवामान दाखवणारं यंत्र बसलंच पाहिजे.

तेव्हा ती यंत्रं नवीन होती. हातात मावणारी डबी. रस्ता दाखवायची, आणि त्यातल्या महागड्या डब्या उपग्रहावरून पावसाचं चित्रही उतरवून घ्यायच्या. हिरवा म्हणजे रिमझिम, पिवळा म्हणजे जोराचा, लाल म्हणजे वाटेला जाऊ नका. गेलनने सगळा हिवाळा या एका निवडीत घालवला. कॅटलॉगची पानं कापून त्याने हँगरच्या भिंतीला डकवली. ग्रँड आयलंड शहरातल्या दुकानात चार वेळा जाऊन आला. दुकानदाराकडून तीन डब्या बघायला म्हणून आणल्या आणि ट्रकच्या मागच्या फळीवर भर उन्हात मांडून ठेवल्या, कुठली उन्हात वाचता येते ते बघायला. एकीचा पडदा साध्या डोळ्यांना झकास दिसायचा आणि वैमानिकाचा काळा चष्मा लावला की ठार काळा व्हायचा. ती बाद. दुसरीला पावसाचं चित्र घेण्यासाठी वेगळी पेटी जोडावी लागायची, वायरींचं जंजाळ व्हायचं. झटापटीत एखादी वायर निघाली तर? तीही बाद. तिसरीत सगळं आतच होतं. हिवाळ्याचे जाड हातमोजे घालून त्याने तिची बटणं दाबून बघितली. बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून मोजलं. माहितीचं पुस्तक तर त्याने इतकं वाचलं की पानं सुटी झाली.

ऑर्डिस म्हणाली, "माझ्याशी लग्न ठरवताना केला होतास का रे एवढा विचार?"

"तेव्हा एकच मॉडेल होतं," गेलन म्हणाला, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

रोंडाला हे काही नको होतं. "डॅड, मला ती साधी दे, नुसता रस्ता दाखवणारी. पाऊस मला खिडकीतून दिसतो."

"एप्रिलमध्ये दिसला होता?"

बापाने काय काय सोसलं ते तिला तेव्हा कळलं असावं, कारण नंतर तिने एकदाही नको म्हटलं नाही.

मार्चमध्ये तिसरी डबी तिच्या विमानात बसली. गेलन शेजारच्या सीटवर बसून तिला एकेक गोष्ट शिकवत होता, अगदी ती सोळा वर्षांची असताना शिकवायचा तशी. "हा कोपऱ्यातला आकडा बघ. हे चित्र किती मिनिटांपूर्वीचं आहे ते हा सांगतो. पाचच्या आत असला की माल ताजा. दहाच्या वर गेला की शिळा. शिळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. म्हण."

"पाचच्या आत ताजा, दहाच्या वर शिळा," रोंडा म्हणाली. "परीक्षा कधी आहे?"

आणि डबीने खरंच जादू केली. एप्रिल, मे, जून, सगळा वादळांचा हंगाम रोंडा त्या चित्राकडे बघून लांबून वळसे घालत घरी येत राहिली. गादी घाला म्हणणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. ऑर्डिसचं ताट उचललं जाईना. गेलनचा गोळा विरघळला, आणि माणसाचा गोळा विरघळला की जीभ सुटते, तशी त्याची सुटली. त्यांच्या गावच्या, ग्रँथमच्या विमानतळावर रोज दुपारी तीनला त्याच्या हँगरमध्ये कॉफीला मंडळी जमायची, फासे टाकून कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते ठरायचं. तिथे आता डबीशिवाय विषय नव्हता. बियाणांचा व्यापारी लायल याने तशीच डबी घेतली, आणखी दोघांनी घेतली. एकट्या हॉलिसने घेतली नाही. हॉलिस एक्याऐंशीचा, चाळीस हंगाम पिकांवर फवारणी करणारं विमान चालवलेला.

"पाऊस दिसतो म्हणतोस," हॉलिस म्हणाला. "वारा दिसतो का?"

"तुला डोळ्यांनी तरी काय दिसतं आता?" लायल म्हणाला, आणि सगळे हसले. गेलनही हसला.

तो जुलैचा चोवीस तारखेचा गुरुवार. दुपारी पावणेचारला हँगरमधला फोन वाजला. गेलनचे हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्याने कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. टेबलाशी लायल आणि हॉलिस होते.

"डॅड, मी डनरॉसला उतरलेय." डनरॉस म्हणजे पंचाहत्तर मैलांवरची एक धावपट्टी आणि एक पत्र्याची खोली. "पश्चिमेकडून काळं चढतंय. इथल्या म्हाताऱ्याकडे खाट आहे, अंडीही तळून देतो म्हणाला. राहते इथेच."

लायलने कपाळाला हात लावला. "काय रे गेलन, तुझी डबी पावसाला भ्यायली?"

तो गमतीने म्हणाला. लायलचं सगळं बोलणं गमतीतच असायचं. पण गेलनच्या कानामागे गरम झालं. चार महिने ज्या गोष्टीची त्याने छाती ठोकून तारीफ केली तिच्याकडे टेबलाशी बसलेली दोन माणसं बघत होती.

"डबीत काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"दोन मोठी वादळं. एक वरती, एक खाली. मध्ये फट आहे, दहा-बारा मैलांची. बरोबर माझ्या वाटेवर."

"आकडा?"

"दोन."

"मग झालं की! दोन मिनिटांचं चित्र आणि बारा मैलांची फट. बारा मैल म्हणजे हमरस्ता आहे, पोरी."

रोंडा जरा थांबली. "डोळ्याला काही बरं दिसत नाही पण."

"राहू दे तिला तिथे," हॉलिस म्हणाला.

गेलनने त्याच्याकडे बघितलंही नाही. "डोळ्याला चाळीस मैल दिसत नाही, डबीला दिसतं. त्यासाठीच घेतली ना? मधोमध ठेव, डावीउजवीकडे वळू नकोस. अर्ध्या तासात घरी असशील. ये."

फोनमधून डनरॉसचा पत्रा वाऱ्याने वाजताना ऐकू आला.

"बरं. येते," रोंडा म्हणाली. "मॉमला सांग, कणसं मी आल्यावरच पाण्यात टाक म्हणावं. आधी टाकून ठेवते आणि पिठूळ होतात."

फोन ठेवला. लायलने फासे हलवले. गेलनने हात पुसले आणि मुद्दाम सावकाश कॉफी ओतून घेतली.

साडेचारला ती यायला हवी होती. पावणेपाच झाले. वारा पूर्वेला वळून पुन्हा पश्चिमेला वळला आणि हँगरची दारं धडधडायला लागली. पाच वाजता ग्रँथमवर गारा पडल्या, अक्रोडाएवढ्या. पत्र्यावर एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. गेलन फोन हातात धरून उभा होता, पण फोन कोणाला करायचा? शेवटी डनरॉसला लावला. तिथला म्हातारा म्हणाला, ती चारच्या आत निघाली. मी नको म्हणत होतो, तीही राहते म्हणत होती, मग फोनवर बोलली आणि निघाली. गेलनने थँक्यू म्हणून फोन ठेवला. आपण कशाबद्दल थँक्यू म्हणालो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

हॉलिस गारा थांबेपर्यंत दारात उभा राहून आभाळाकडे बघत होता. तो बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

साडेसहाला शेरीफ स्वतः आला. विमान सापडलं होतं, डनरॉसपासून एकतीस मैलांवर, एका कुरणात. उजवा पंख वेगळा अर्ध्या मैलावर पडला होता. शेरीफने टोपी काढली आणि म्हणाला, "ऑर्डिसला मी सांगू की तू सांगतोस?"

गेलननेच सांगितलं. ऑर्डिस ओट्यापाशी उभी होती. मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळून उकळून अर्धं झालं होतं आणि कणसं बाजूला सोलून ठेवलेली होती. ती खाली बसली, जमिनीवरच. पुढे काय झालं, कोणी कोणाला उठवलं, हे दोघांनाही कधी आठवलं नाही.

अंत्यसंस्काराला वाळूच्या टेकड्यांमधून माणसं आली, दीडशे-दीडशे मैलांवरून, ट्रक धुऊन, कडक कॉलरचे शर्ट घालून. चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमची सँडविचं मांडली, भाजलेल्या बटाट्यांचे ट्रे मांडले. जो तो ऑर्डिसचा हात हातात घेऊन तेच म्हणत होता, एवढी जपून उडणारी पोरगी, तिने असं कसं केलं? आणि ऑर्डिस प्रत्येकाला तेच सांगत होती. "ती अशी निघायचीच नाही हो. ढग दिसले की राहायची. तुमच्याकडे नाही का राहायची?"

कोपऱ्यात एक तरुण वैमानिक दुसऱ्याला म्हणत होता, घरी यायची घाई, दुसरं काय, भल्याभल्यांना होते. गेलनने ते ऐकलं. तो उठून काही बोलणार तेवढ्यात लायल आडवा आला आणि त्याला कोटांच्या खोलीत घेऊन गेला. लायलचे डोळे सुजले होते.

"हे बघ, गेलन. आम्ही काही ऐकलं नाही. मी नाही, हॉलिसने नाही. फोन आला, निघते म्हणाली, ठेवला. बस."

"लायल..."

"ऑर्डिसने मुलगी गमावलीय. आता नवराही गमवायचा का तिने? बस म्हटलं ना."

यात दुष्टावा काही नव्हता. गावातली माणसं एकमेकांचं छप्पर बांधायला जातात, तसंच हे. गेलनला ते छप्पर हवंही होतं. तो ऑगस्टभर त्याच्याखाली राहिला. ऑर्डिस सकाळी विचारायची, "का निघाली असेल रे?" दुपारी कपडे वाळत घालताना विचारायची. त्याला कळत नाही असं तो म्हणायचा. कणसांचा निरोप त्याच्या घशात तसाच अडकून राहिला, कारण तो द्यायचा तर फोन झाला होता हे सांगावं लागणार, आणि फोन झाला होता तर काय बोललात हेही. हळूहळू ऑर्डिस उत्तर स्वतःच द्यायला लागली. "मीच तिला डोक्यावर बसवलं. कोणाचं ऐकायचीच नाही." रोंडा कोणाचं ऐकायची नाही! ऐकलं म्हणूनच जी गेली, तिच्याबद्दल तिची आई असं बोलायला लागली होती, आणि गेलन ते मान खाली घालून ऐकत होता. त्याला स्वतःची किळस येत होती. तरी तोंड उघडत नव्हतं.

सप्टेंबरात चौकशी करणारे आले. लिंडग्रेन नावाचे सरकारी गृहस्थ, पन्नाशीचे, हळू बोलणारे. दुपारची वेळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी दोन कागद पसरले. ऑर्डिस कॉफीचं भांडं घेऊन उभी होती.

"मिस्टर बुसबूम, ते यंत्र आम्हाला सापडलं. त्यातली नोंद शाबूत होती. हा पहिला कागद म्हणजे चार वाजून आठ मिनिटांनी तुमच्या मुलीला पडद्यावर जे दिसत होतं ते."

वरती लाल, खाली लाल, मध्ये फट. फटीच्या बरोबर मधोमध एक सरळ रेघ. डावीउजवीकडे कुठेही वळलेली नाही.

"आणि हे, त्याच मिनिटाला खरोखर जे होतं ते."

दुसऱ्या कागदावर फट नव्हती. लाल लालला भिडलं होतं, आणि ती सरळ रेघ त्या लालात जाऊन थांबली होती.

गेलनने दोन्ही कागद जवळ ओढले. "आकडा किती होता?"

"त्या क्षणी एक."

"मग हे असं कसं? एक मिनिटापूर्वीचं चित्र आहे!"

लिंडग्रेननी चष्मा काढला. हे त्यांनी याआधीही कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात सांगितलं असावं. "तो आकडा चित्राचं वय सांगतो, पावसाचं नाही. रडार आधी आभाळ फिरून बघतं, त्याला वेळ लागतो. मग ठिकठिकाणच्या रडारांचं बघणं एकत्र आणून एक चित्र जोडतात. जोडून झालं की तो आकडा मोजायला सुरुवात होते. आतला पाऊस तोवर दहा, पंधरा, कधी वीस मिनिटांचा जुना झालेला असतो. हे वादळ तासाला पन्नास मैलांनी पळत होतं."

"पुस्तकात हे लिहिलंय?"

"लिहिलंय. चित्राचं वय, असंच लिहिलंय."

गेलनला ते पान आठवलं. त्या ओळीखाली त्याने पेन्सिलने रेघ मारली होती. चार महिने घासून वाचलेल्या पुस्तकातली ती ओळ त्याला पाठ होती आणि तिचा अर्थ त्याने स्वतःच्या मनाने लावला होता. ज्याला काही कळत नाही असा माणूस निदान विचारतो तरी. गेलनला सगळं कळत होतं.

"अशी चूक पुष्कळजण करतात," लिंडग्रेन म्हणाले. "एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. ती सुखरूप उतरली होती. डनरॉसचे गृहस्थ सांगतात, ती राहणार होती. मग तिने फोन केला. नंबर तुमच्या हँगरचा आहे." त्यांनी गेलनकडे बघितलं, मग ऑर्डिसकडे, आणि आवाज आणखी खाली आणला. "निघतेय, एवढं कळवायला केला असेल."

त्यांनी सुटकेचं दार उघडून धरलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. लायल हो म्हणणार होता, हॉलिस गप्प राहणार होता.

"फोन केला होता तिने?" ऑर्डिसने विचारलं. "तुला?"

गेलन तिच्याकडे बघू शकला नाही. तो कागदावरच्या रेघेकडे बघत राहिला. किती सरळ होती ती. सांगितलं तसं केलं होतं पोरीने, अगदी मधोमध.

"राहते म्हणत होती ती," तो म्हणाला. "मी म्हटलं, ये."

मग त्याने सगळं सांगितलं. खाट, अंडी, लायलची चेष्टा. फट, आकडा, हमरस्ता. डोळ्याला बरं दिसत नाही म्हणाली तेही. हॉलिस राहू दे म्हणाला आणि आपण त्याच्याकडे बघितलं नाही तेही. तो सांगत असताना ऑर्डिस हळूच खुर्चीवर बसली. भांडं तिने मांडीवर धरून ठेवलं होतं, गरम असूनही.

"लिहा," गेलन लिंडग्रेनना म्हणाला. "बापाने बोलावलं म्हणून निघाली, असं लिहा. गाव तिला घाईची म्हणतंय. माझं नाव घालून लिहा."

लिंडग्रेननी वहीत काहीतरी लिहिलं आणि बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं. "तुम्ही सांगितलंत ते मी नोंदवून घेतो. पण कारणाच्या रकान्यात ते जाणार नाही, मिस्टर बुसबूम. विमान ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. जमिनीवरून कोणी काही सांगो, कायद्याने निर्णय वैमानिकाचाच असतो. तिथे तिचंच नाव येईल."

"पण तिचा नव्हता तो!"

"मला समजतंय," लिंडग्रेन म्हणाले. आणि त्यांनी कागद गोळा केले. त्यांना खरंच समजत होतं, पण त्याचा उपयोग काहीच नव्हता.

ते गेल्यावर ऑर्डिसने भांडं टेबलावर ठेवलं. तिच्या मांडीवर लाल गोल उठला असणार. गेलन वाट बघत होता. ती ओरडेल, बॅग भरेल, बहिणीकडे निघून जाईल, यातलं काहीही चाललं असतं त्याला.

"आणखी काय म्हणाली?" तिने विचारलं.

"कधी?"

"शेवटी. फोन ठेवताना."

त्याने कणसांचं सांगितलं. दोन महिने उशिरा निरोप पोचता झाला. ऑर्डिसचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि मग ती रडली, जुलैनंतर पहिल्यांदा. गेलन हात पुढे करून थांबला. तिने तो धरला नाही, झटकलाही नाही.

ती कुठेही गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, पावणेचारच्या सुमारास, भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "सांग."

"काय?"

"फोनचं. पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तिने सांग म्हटलं. तिच्या लेकीचं शेवटचं बोलणं जगात एका याच माणसाकडे होतं आणि ते तिला हवं होतं. लायलकडे ती जाऊ शकली असती, पण लायलला रोंडाचा आवाज काढता कुठे येत होता? गेलन रोंडाचं बोलणं तिच्यासारखंच करायचा, तिची थांबायची लकबसुद्धा. ऑर्डिस डोळे मिटून ऐकायची. कधी कधी तर अंड्यांपाशी तिच्या ओठांवर हसूही यायचं.

थंडी पडली, पहिलं बर्फ पडलं. गेलनने हँगरमधला कॉफीचं टेबल काढून टाकलं आणि पावणेचारला घरी येऊ लागला. चौकशीचा अहवाल टपालाने आला, त्यात कारणाच्या रकान्यात रोंडाचं नाव होतं. त्या दिवशी ऑर्डिसने पाकीट न वाचता ड्रॉवरमध्ये सारलं आणि खुर्ची ओढून बसली.

गेलन सांगायला लागला. मी डनरॉसला उतरलेय. काळं चढतंय. खाट आहे. दोन वादळं, मध्ये फट. आकडा दोन. डोळ्याला काही बरं दिसत नाही. आणि तिथे त्याचा धीर सुटला. त्या दिवशी ते त्याच्याने होईना. तो पुढे गेला. "बरं. येते. मॉमला सांग..."

ऑर्डिसने डोळे उघडले.

"मधलं राहिलं," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. ती रागावलेली नव्हती. ती फक्त थांबली होती, हात मांडीवर ठेवून, आणि तो मधलं म्हणेपर्यंत तशीच थांबणार होती.

"ये," गेलन म्हणाला. "मी म्हटलं, ये."

"हं," ऑर्डिस म्हणाली, आणि तिने पुन्हा डोळे मिटले. "पुढे."